सामूहिक दावा: शंभर जणांचा एक वकील निवडताना काय तपासायचं?

अनसिंग हे वाशिम–पुसद रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. खरिपात या भागात सगळ्यात जास्त दिसतं ते सोयाबीन. समजा, जूनमध्ये पेरणी झाली, पाऊसही बरा झाला, पण एकाच कंपनीचं, एकाच लॉटचं बियाणं घेतलेल्या सत्तर शेतकऱ्यांच्या शेतात उगवणच झाली नाही. दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला. दोन दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि चौथ्या दिवशी त्यात मेसेज येतो: "मुंबईची मोठी लॉ फर्म आपली केस घेणार आहे. आधी एक रुपयाही नाही. भरपाई मिळाली की फक्त ३० टक्के. दादा, आधार कार्ड, सातबारा आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही आजच पाठवा."

हा प्रसंग कल्पित आहे, पण त्यामागची अडचण खरी आहे. २०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. असं काही घडलं की एकेकट्या शेतकऱ्याला कोर्टकचेरी परवडत नाही. मग एकत्र लढण्याचा विचार पुढे येतो आणि त्याच्या मागोमाग प्रश्न येतो: वकील कोण?

वरच्या मेसेजमध्येच तीन धोके आहेत. गिऱ्हाईक शोधत फिरणं, भरपाईत टक्केवारी मागणं आणि कोऱ्या कागदावर सही घेणं. पहिल्या दोन गोष्टींना भारतातल्या वकिलांवर स्पष्ट बंदी आहे. तिसरी गोष्ट कोणीही मागितली तरी देऊ नये.

सामूहिक दावा म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतला 'क्लास ॲक्शन' हा शब्द सिनेमा आणि सोशल मीडियामुळे सगळ्यांना माहीत झाला आहे. भारतात त्याच्या जवळ जाणारे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ चा. अनेक लोकांचं हित एकच असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्यापैकी एक किंवा काही जण सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात. त्याची सूचना सर्व संबंधितांना द्यावी लागते. लोक खूप असतील तर जाहीर नोटीस द्यावी लागते आणि तिचा खर्च दावा लावणाऱ्याने करायचा असतो.

दुसरा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(क) चा. यात एक किंवा अधिक ग्राहक समान हित असलेल्या सर्व ग्राहकांच्या वतीने तक्रार करू शकतात. त्यालाही आयोगाची परवानगी लागते आणि वरचाच नियम ८ लागू होतो.

या नियमातली एक ओळ नीट समजून घ्यायला हवी. अशा दाव्यात लागलेला निकाल ज्यांच्या वतीने दावा लावला त्या सगळ्यांवर बंधनकारक असतो. म्हणजे तिघांनी निवडलेला वकील नीट लढला नाही, तर ज्यांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा शेकडो लोकांचाही दावा संपू शकतो. स्वतःच्या बांधाच्या भांडणासाठी वकील निवडणं आणि सामूहिक दाव्यासाठी वकील निवडणं यात हा फरक आहे. इथे चुकीची किंमत एकट्याला मोजावी लागत नाही.

दरवेळी सामूहिक दावा हाच उपाय असतो असंही नाही. 'ब्रिगेड एंटरप्रायझेस' प्रकरणात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी १,१३४ सदनिकांच्या सगळ्या खरेदीदारांच्या वतीने तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सगळ्यांचं हित समान आहे हे तक्रारीत पुरेसं मांडलेलंच नाही. त्यामुळे ती सर्वांच्या वतीने चालणार नाही, फक्त तक्रार करणाऱ्यांची संयुक्त तक्रार म्हणून चालेल. बियाण्याच्या बाबतीतही असंच होऊ शकतं. एकाच लॉटचे सत्तर शेतकरी एकत्र येऊ शकतात. पण कोणाचं बियाणं वेगळ्या लॉटचं, कोणाची पेरणी कोरड्यात, कोणाची पावतीच नाही, अशी खिचडी असेल तर समान हित दाखवणं अवघड जातं. चांगला वकील हा फरक पहिल्याच बैठकीत सांगतो. 'सगळ्यांना घ्या, आकडा मोठा दिसला पाहिजे' असं म्हणणारा वकील पुढे सगळ्यांनाच अडचणीत आणू शकतो.

'जिंकलो तरच पैसे' ही ऑफर का चालत नाही?

अमेरिकेत वकिलाने भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेणं कायदेशीर आहे. त्यामुळे तिथे मोठ्या लॉ फर्म जाहिराती करतात, लोक गोळा करतात आणि खटल्याचा खर्च स्वतः उचलतात. इंटरनेटवर सामूहिक दाव्याविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक या पद्धतीवर बेतलेले असतात. ते जसेच्या तसे वाशिमच्या कोर्टात लागू पडत नाहीत.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला आपली फी दाव्याच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. हा मुद्दा जुना आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीत हिस्सा घेण्याचा करार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला होता. सामान्य माणसाला असा करार सोयीचा वाटला, तरी वकिलाने तसं करणं कायद्याला मान्य नाही.

वकिलाला जाहिरात करायला आणि दलालांमार्फत किंवा थेट काम मागत फिरायलाही बंदी आहे. स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून वकिलांच्या सेवा विकण्याच्या प्रकारावर कडक भूमिका घेतली आणि विधिज्ञ परिषदेला कारवाई करायला सांगितलं.

मग खर्चासाठी कोणी तिसऱ्याने पैसे लावले तर? वकील नसलेल्या माणसाने किंवा संस्थेने दाव्याचा खर्च उचलायला सरसकट बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी लॉ फर्मसंबंधीच्या एका निकालात नमूद केलं आहे. दिवाणी संहितेच्या आदेश २५ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीतही दाव्याला पैसे पुरवणाऱ्याचा उल्लेख येतो. पण हा पैसे पुरवणारा वेगळा आणि वकील वेगळा. पैसे लावणारा मागे राहून वकिलाच्या नावाने टक्के मागत असेल, तर तो कोण, त्याचा करार कुठे आणि दावा हरल्यास तो काय करणार, हे लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भोपाळमध्ये काय झालं?

वकील निवडण्याचा हक्कच हातात राहिला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण भोपाळचं आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेतले वकील भोपाळमध्ये उतरले. वस्त्यावस्त्यांतून मुखत्यारपत्रांवर सह्या आणि अंगठे घेतले गेले. इंग्रजीतल्या त्या कागदावर काय लिहिलं आहे, हे अंगठा देणाऱ्यांपैकी अनेकांना कळणं शक्य नव्हतं.

१९८५ मध्ये केंद्राने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने लढण्याचा एकाधिकार स्वतःकडे घेतला. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने खटला भारतात चालवावा असं सांगितलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती होण्याआधी ज्यांच्यासाठी ती झाली त्या पीडितांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही, हा आक्षेप पुढे कायम राहिला. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. तडजोडीनंतर ३४ वर्षांनी हा रस्ताही बंद झाला.

यातून सामूहिक दाव्यासाठी एक प्रश्न पुढे येतो, जो वकिलाला पहिल्याच दिवशी विचारायला हवा: तडजोडीची वेळ आली, तर 'हो' कोण म्हणणार?

यवतमाळची माणसं बाझेलपर्यंत कशी पोहोचली?

अनसिंगहून पुसदकडे निघालं की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसपेक्षा जास्त जणांचा जीव गेला. सप्टेंबर २०२० मध्ये यातली ५१ कुटुंबं स्वित्झर्लंडमधल्या अधिकृत तक्रार यंत्रणेकडे गेली. त्याच सुमारास वाचलेला एक शेतकरी आणि दोन विधवा महिला अशा तिघांनी सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तिच्याच गावात, बाझेल शहरात, भरपाईची कायदेशीर कारवाई सुरू केली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे.

या प्रकरणात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. गावपातळीवर विषबाधितांची स्वतःची संघटना होती. कीटकनाशकांच्या प्रश्नावर काम करणारी भारतीय संस्था, बर्लिनमधली मानवी हक्कांची संस्था आणि स्वित्झर्लंडमधली एक संस्था त्यांच्या सोबत होती. कोर्टात ५१ कुटुंबं नाही, तर तीनच जण गेले आणि बाकीच्यांसाठी वेगळा, कमी खर्चाचा मार्ग धरला गेला. आधी लोक आणि कागद जमले, मग मार्ग ठरला आणि त्या मार्गाला साजेसा वकील निवडला गेला. फसवणुकीच्या प्रकारांत बहुधा उलटं होतं. वकील किंवा त्याचा माणूस आधी येतो आणि लोक नंतर गोळा केले जातात.

आधी दार ठरवा, मग वकील

प्रत्येक तक्रारीचं दार वेगळं असतं. काही दारांना वकील लागतच नाही.

बियाणं, खत, औषध, विमा: ग्राहक आयोग. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये 'नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन' प्रकरणात स्पष्ट केलं. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाण्याचा नमुना जपून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असंही न्यायालय म्हणालं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे अनसिंगच्या शेतकऱ्याला वाशिमचा जिल्हा आयोग चालतो. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे मागितलेली भरपाई नाही, तर वस्तूसाठी मोजलेली किंमत धरतात. सत्तर शेतकऱ्यांनी प्रत्येकी ६,००० रुपयांचं बियाणं घेतलं असेल, तर एकूण ४ लाख २० हजार होतात. म्हणजे फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती स्वतः चालवताही येते. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. माहितीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मंडळच्या मंडळ पीक विम्यातून वगळलं गेलं तर: उच्च न्यायालय. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनचं नुकसान झालं. मुदतीत कळवलं नाही म्हणून विमा कंपनीने दावे नाकारले. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. याचिका मोजक्या लोकांची होती, पण प्रश्न संपूर्ण जिल्ह्याचा होता. वाशिम जिल्ह्यासाठी असं प्रकरण नागपूर खंडपीठाकडे जातं. तिथे जिल्हा न्यायालयाचा नाही, तर उच्च न्यायालयात रोज काम करणारा वकील लागतो.

ठेवी बुडाल्या तर: पोलीस आणि सक्षम प्राधिकारी. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्यात शासन संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करू शकतं. तक्रार नोंदवायला खासगी वकील लागत नाही. सहाराच्या सहकारी संस्थांमधल्या ठेवींसाठी जुलै २०२३ मध्ये सरकारी परतावा पोर्टल सुरू झालं. तिथे अर्जाला शुल्क नाही. अशा कामाला 'लॉ फर्मची फी' मागणारा माणूस फुकटची गोष्ट विकत असतो.

पैसेच नसतील तर: विधी सेवा प्राधिकरण. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, पूर किंवा दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, या सगळ्यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. वाशिमला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

वकील खरा आहे का, हे कसं कळेल?

पाटीवर 'अँड असोसिएट्स' लिहिलेलं असलं, तरी सनद फर्मला मिळत नाही, माणसाला मिळते. शिस्तभंगाची कारवाईही माणसावर होते. म्हणून फर्मचं नाव कितीही मोठं असो, कोर्टात उभा राहणारा माणूस कोण, हे आधी विचारावं.

१. सनद क्रमांक मागावा. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या वकिलाच्या क्रमांकात राज्याचं संक्षिप्त नाव, क्रमांक आणि वर्ष असतं. 'महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल'कडे त्याची खातरजमा करता येते. क्रमांक सांगायला टाळाटाळ होत असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं.

२. जुनी प्रकरणं पाहावीत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. 'हजारो केस जिंकल्या' असं म्हणणाऱ्याला पाच प्रकरणांचे क्रमांक विचारावेत. त्यात ग्राहक आयोगाची, विम्याची किंवा बियाण्याची प्रकरणं किती आणि ती तारखांवर पडून आहेत की पुढे सरकली, हे पाहता येतं.

३. वाशिमच्या कोर्टात चौकशी करावी. जिल्हा वकील संघात किंवा आयोगाच्या कार्यालयात त्या वकिलाला कोणी ओळखतं का? बाहेरगावचा वकील असेल तर दर तारखेला कोण येणार? नागपूर-मुंबईच्या मोठ्या वकिलाने प्रत्येक तारखेला नवखा सहायक पाठवला, तर मोठ्या नावाचा काही उपयोग नाही.

४. दुसऱ्या बाजूशी संबंध आहे का, हे विचारावं. त्याच बियाणं कंपनीचं, विमा कंपनीचं किंवा तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्राचं काम त्याने केलं आहे का? असे संबंध आधीच उघड करणं हे वकिलाचं नियमाने कर्तव्य आहे. छोट्या गावात नातं निघणं नवल नाही. ते लपवलं तर मात्र अडचण आहे.

पहिल्या बैठकीत विचारायचे प्रश्न

चांगल्या वकिलाला हे प्रश्न विचारले तर राग येत नाही.

— ही तक्रार सामूहिक चालेल, संयुक्त चालेल, की प्रत्येकाची वेगळी करावी लागेल? का?
— आपली कमकुवत बाजू कोणती? उदाहरणार्थ, बियाणं खोल पडलं किंवा पुरेशा ओलीशिवाय पेरलं असं कंपनी म्हणाली, तर उत्तर काय?
— मुदत कधी संपते?
— साधारण किती वर्षं लागतील आणि अपील झालं तर पुढची फी किती?
— हरलो तर कोणाला काय भरावं लागेल?

'शंभर टक्के जिंकणार' हे उत्तर देणारा वकील टाळावा. निकालाची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. 'पंचनामा नाही तर हे प्रकरण अवघड आहे' असं तोंडावर सांगणारा वकील ऐकायला कडू लागतो, पण बहुधा तोच पुढे उपयोगी पडतो.

पैसा कोणाच्या हातात?

गावातले सामूहिक दावे मोडतात ते बहुतेक वेळा कायद्याच्या मुद्द्यावर नाही, तर हिशेबावर. प्रत्येकी ५०० रुपये गोळा होतात, कोणीतरी ते वकिलाला देतं, पावती नसते आणि वर्षभरात कुजबुज सुरू होते.

म्हणून फी ठरलेली आणि लेखी हवी. एकरकमी किती, टप्पे कोणते, टंकलेखन, नोटीस, जाहिरात, प्रवास आणि तज्ज्ञाचा अहवाल यांचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, हे कागदावर यावं. पैसे बँकेतून द्यावेत आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर तो देणं हे वकिलावर नियमाने बंधनकारक आहे.

गावाच्या बाजूनेही शिस्त हवी. पाच जणांची समिती, त्यात किमान एक महिला शेतकरी, दोघांच्या सहीचं बँक खातं आणि बैठकीची वही. वकिलाशी बोलणारा एक जण ठरलेला असावा, पण निर्णय समितीचा. भरपाई आली तर ती थेट प्रत्येकाच्या खात्यात जमा व्हावी, अशी मागणी तक्रारीतच लिहून घ्यावी. भरपाईचा पैसा आधी वकिलाच्या किंवा पुढाऱ्याच्या खात्यात येणार असेल, तर तो वाटेत कापला जाण्याची भीती राहते.

वकीलपत्र ही कोरी सही नाही

वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार. त्यावर प्रकरण, दोन्ही बाजूंची नावं, वकिलाचं नाव आणि तारीख भरलेली असल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. छापील वकीलपत्रात तडजोड करण्याचा, दावा मागे घेण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार बहुधा एका ओळीत दिलेला असतो. ती ओळ वाचावी, इंग्रजीत असेल तर मराठीत समजून घ्यावी. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नको असेल तर तो खोडून शेजारी सही करावी.

पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने तडजोड किंवा सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात सांगितलं आहे. सामूहिक दाव्यात तर कायदाच आणखी एक कुंपण घालतो. सर्व संबंधितांना सूचना दिल्याशिवाय असा दावा सोडता, मागे घेता किंवा तडजोडीने मिटवता येत नाही. त्यामुळे 'साहेबांशी बोलणं झालंय, उद्या सह्या करा' असा निरोप आला, तर तडजोडीचा मसुदा गावात वाचून दाखवायला सांगणं हा कोणाचा अपमान नाही, हक्क आहे.

बिघडलं तर काय?

वकील बदलण्याचा अधिकार पक्षकाराला कधीही असतो. फी थकली म्हणून वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. फीचा वाद वेगळा चालवायचा आणि फाइल परत करायची.

गैरवर्तन असेल तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. समज देण्यापासून ते काही काळ सनद निलंबित करणं किंवा कायमचं नाव काढणं, इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. पैसे हडप केले असतील तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार वेगळी.

एक दार मात्र बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. खराब बियाण्यासाठी ग्राहक आयोग आहे, पण ते प्रकरण नीट न चालवणाऱ्या वकिलासाठी तो नाही. आणि बार कौन्सिलने वकिलाला शिक्षा केली, तरी सत्तर जणांची हुकलेली मुदत परत येत नाही. म्हणून तपासणी नंतर नाही, आधी करायची.

वकिलाकडे जाण्याआधी गावात काय तयार हवं?

उगवण झाली नाही हे लक्षात आल्यावर पहिला फोन वकिलाला नाही, तालुका कृषी अधिकाऱ्याला. लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून शेतातच पाहणी व पंचनामा करून घ्यावा. दुबार पेरणीसाठी शेत मोडल्यावर पुरावाही मोडतो. बियाण्याची पक्की पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपावं, कारण लॉट क्रमांक तिथेच असतो. सोयाबीनसाठी उगवणक्षमतेचं किमान प्रमाण ७० टक्के आहे. लेबलवरचा आकडा आणि शेतातली स्थिती यांतला फरक हाच तक्रारीचा पाया. तारीख दिसणारे फोटो, पेरणीची तारीख, मंडळातल्या पावसाची नोंद आणि सातबारा हे सगळं शेतकऱ्यागणिक वेगळ्या पाकिटात ठेवावं.

मग एक साधी यादी करावी: नाव, गट क्रमांक, लॉट क्रमांक, पिशव्या, पावती आहे की नाही, पंचनामा झाला की नाही. ही यादी घेऊन दोन-तीन वकिलांना भेटावं. जो यादी वाचतो, लॉट क्रमांक जुळवतो, चार नावं वेगळी काढायला सांगतो, फी लिहून देतो आणि मुदतीची तारीख स्वतःहून सांगतो, त्याचा विचार करावा. जो यादीकडे न पाहता फक्त 'किती लोक आहेत?' एवढंच विचारतो, त्याला नमस्कार करून परत यावं.